एडवर्ड ब्लाइथ : कोलकात्याच्या संग्रहालयातील पक्षिशास्त्रज्ञ

कोलकाता : पावसाळा ओसरू लागला की महाराष्ट्रातील बागा, कुंपणे आणि ओढ्याकाठच्या झुडपांत चिमणीपेक्षाही सडपातळ, मातकट रंगाचा एक पक्षी येऊन दाखल होतो. तो सहसा नजरेस पडत नाही. पानांच्या गर्दीतून येणारा त्याचा ‘चक् चक्’ असा कोरडा आवाज मात्र एप्रिलपर्यंत ऐकू येत राहतो. युरोप आणि मध्य आशियातून हजारो किलोमीटरचा प्रवास करून येणाऱ्या या वटवट्याला जगभरचे पक्षिनिरीक्षक ‘ब्लाइथचा वटवट्या’ या नावाने ओळखतात. हे नाव ज्यांच्यामुळे पडले त्या एडवर्ड ब्लाइथ यांनी आयुष्यातील एकवीस वर्षे कोलकात्यात, एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात, अत्यल्प वेतनावर काढली. २७ डिसेंबर १८७३ रोजी त्यांचे लंडन येथे निधन झाले. त्या घटनेला दीडशेहून अधिक वर्षे लोटली असली, तरी भारतीय उपखंडातील पक्ष्यांची कोणतीही शास्त्रीय यादी त्यांच्या नावावाचून पूर्ण होत नाही.

ब्लाइथ यांना अनेकदा भारतीय पक्षिशास्त्राचे जनक म्हटले जाते. हाच मान काही अभ्यासक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांना देतात. १८८५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय काँग्रेसचे संस्थापक म्हणून ह्यूम आपल्याला परिचित आहेत. पक्ष्यांचे थोर अभ्यासक ही त्यांची दुसरी ओळख होय. ब्लाइथ यांच्या मृत्यूनंतर स्वतः ह्यूम यांनीच त्यांना भारतातील निसर्गशास्त्रज्ञांमध्ये अग्रस्थान दिले, आणि उपेक्षा किंवा पैशाचा मोह यांपैकी कशानेही हा मनुष्य आपल्या मार्गावरून ढळला नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. तेव्हा हा वाद फारसा ताणण्याचे कारण नाही.

लंडनमधील पूर्वायुष्य

एडवर्ड ब्लाइथ यांचा जन्म २३ डिसेंबर १८१० रोजी लंडन येथे झाला. ते लहान असतानाच वडिलांचे निधन झाले आणि मुलांच्या संगोपनाचा भार आईवर पडला. शाळेत ते हुशार विद्यार्थी म्हणून गणले जात, परंतु रानात भटकण्याचा नाद त्यांना तेव्हापासूनच जडला होता. रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी लंडनजवळच्या टूटिंग येथे औषधांचे दुकान थाटले. दुकानात मात्र त्यांचे मन कधीच रमले नाही. पहाटे तीन-चार वाजता उठून वाचन, टिपणे, पक्ष्यांची चित्रे आणि कातडी भरण्याचे काम चाले. दिवसाचा बराचसा वेळ रानात जाई. दुकान बुडाले, यात आश्चर्य काहीच नाही.

या काळात त्यांनी केलेले लेखन मात्र टिकून राहिले. १८३५ ते १८३७ या वर्षांत लंडनच्या एका निसर्गविषयक मासिकात त्यांचे काही लेख प्रसिद्ध झाले. एकाच जातीच्या प्राण्यांमध्ये भेद कसे निर्माण होतात, त्यांपैकी कोणते टिकतात आणि कोणते नष्ट होतात, हा त्यांचा विषय होता. गिल्बर्ट व्हाइट यांच्या सेल्बोर्न गावच्या निसर्गवर्णनाच्या विख्यात ग्रंथाची एक आवृत्तीही त्यांनी १८३६ मध्ये संपादित केली. नाव होऊ लागले होते. पैसा मात्र नव्हता. प्रकृतीही साथ देत नव्हती आणि उष्ण प्रदेशात राहिल्यास बरे वाटेल, असा सल्ला मिळाला होता. अशा स्थितीत कोलकात्याहून नोकरीचा प्रस्ताव आला. प्रवासाच्या तयारीसाठीही हाती काही नसल्याने त्यांना शंभर पौंडांची उचल घ्यावी लागली. सप्टेंबर १८४१ मध्ये ते कोलकात्यात उतरले.

पार्क स्ट्रीटवरील संग्रहालय

सर विल्यम जोन्स यांनी १७८४ मध्ये स्थापन केलेल्या एशियाटिक सोसायटीने १८१४ साली, डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ नॅथॅनियल वॉलिक यांच्या पुढाकाराने, संग्रहालय सुरू केले होते. शिलालेख, मूर्ती, नाणी, हस्तलिखिते, जीवाश्म, शिंगे, कवड्या, पक्ष्यांची कातडी असे सारे काही पार्क स्ट्रीटवरील सोसायटीच्या वास्तूत येऊन पडत असे. प्राणिविभाग सांभाळण्यासाठी पूर्णवेळ अभिरक्षक हवा होता आणि सोसायटी देऊ शकत होती ते वेतन वर्षाला तीनशे पौंड, शिवाय घरभाड्यापोटी महिन्याला चार पौंड. एवढ्या पैशांत कोणी जाणकार युरोपीय माणूस मिळेल, अशी सोसायटीच्या सभासदांनाही फारशी आशा नव्हती. ब्लाइथ मिळाले. पुढील वीस वर्षांत या वेतनात काहीही वाढ झाली नाही.

त्यांच्या वाट्याला आलेला संग्रह बऱ्याच अंशी अव्यवस्थित होता. बंगालच्या दमट हवेत भरलेली कातडी टिकवणे ही आजही सोपी गोष्ट नाही. बुरशी लागते, चामडे खाणाऱ्या बारीक किड्यांच्या अळ्या पिसे मुळापासून सोडवून टाकतात, उंदीर आणि मुंग्या उरलेसुरले संपवतात. त्या काळी यावर एकच उपाय होता. पक्ष्याचे मांस काढून टाकल्यावर कातड्याला आतून सोमलयुक्त साबण चोळायचा, मग कापूस भरून ते शिवायचे आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर स्थळ, दिनांक व लिंग लिहिलेले असले तरच त्या कातड्याला शास्त्रात किंमत येते. ब्लाइथ येण्यापूर्वीच्या अनेक नमुन्यांना अशी चिठ्ठीच नव्हती.

ब्लाइथ स्वतः फारसे फिरू शकले नाहीत. संग्रहालय सोडून जाण्याची मुभा नव्हती आणि खर्चाची ऐपतही नव्हती. त्यांच्याकडे पक्षी येत ते टपालाने, बोटीने, छावण्यांतून आणि चहाच्या मळ्यांतून. मद्रास इलाख्यातून लष्करी वैद्यक टी. सी. जेर्डन, नेपाळमधून ब्रायन हॉजसन, आराकान व ब्रह्मदेशातून आर्थर फेअर, सिलोनमधून एडगर लेअर्ड, शिवाय सॅम्युएल टिकेल, रॉबर्ट टायटलर असे अनेक अधिकारी त्यांना नमुने पाठवत. बहुतेकांना आपण काय पाठवत आहोत याची नेमकी कल्पना नसे. ब्लाइथ ते उघडून पाहत, मापे घेत, जुन्या वर्णनांशी ताडून पाहत आणि सोसायटीच्या नियतकालिकात आपला अहवाल प्रसिद्ध करत. भारतभर विखुरलेल्या या हौशी मंडळींना एका सूत्रात गुंफण्याचे काम त्यांनी केले. ते झाले नसते तर जेर्डन यांचा १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेला भारतीय पक्ष्यांवरील पहिला मोठा ग्रंथ त्या स्वरूपात निर्माण होणे कठीण होते.

यात एक मोठी अडचण होती. एखादा पक्षी नवा आहे की नाही, हे ठरवण्यासाठी आधी वर्णन झालेले सर्व पक्षी ठाऊक असावे लागतात. ती पुस्तके व तुलनेचे नमुने लंडन, पॅरिस, लायडन येथे होते. कोलकात्याला पोहोचायला त्यांना महिनोन्‌महिने लागत, आणि काही कधी पोहोचतच नसत. प्राणिशास्त्रात ज्याचे वर्णन आधी छापले जाते त्याचेच नाव ग्राह्य धरतात. त्यामुळे ब्लाइथ यांनी कष्टाने दिलेली कित्येक नावे पुढे मागे पडली, कारण तोच पक्षी दुसऱ्या कोणी युरोपात काही महिने किंवा काही वर्षे आधी नोंदवला होता. असे असूनही त्यांची किती तरी नावे आजही कायम आहेत. हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या स्मरणशक्तीची आणि नजरेची कल्पना येते.

बाजारातील पक्षी आणि छपरावरील हाडगिळे

ब्लाइथ यांच्या कोलकात्यात पक्षी पाहण्यासाठी शहराबाहेर जाण्याची गरज नव्हती. हाडगिळा हा माणसाच्या छातीपर्यंत उंचीचा, उघड्या मानेचा करकोचा पावसाळ्यात शेकड्यांनी शहरात उतरत असे आणि गव्हर्नरच्या प्रासादाच्या कठड्यावर पहारेकऱ्यासारखा उभा राहत असे. खाटीकखान्यातील घाण तोच साफ करी. आज हा पक्षी जगात मुख्यतः आसाम, बिहार आणि कंबोडियात उरला आहे. कोलकात्यातून तो केव्हाच नाहीसा झाला.

बाजार हेही ब्लाइथ यांचे एक अभ्यासस्थान होते. पारधी पकडून आणत ती बदके, पाणलावे, पोपट, मैना यांच्या टोपल्या धुंडाळून ते नमुने मिळवत. एकोणिसाव्या शतकात या बाजारात हिवाळ्यात अधूनमधून गुलाबी डोक्याचे बदकही विक्रीस येई. त्या बदकाची निसर्गातील खात्रीची अखेरची नोंद १९३५ सालची, बिहारमधील दरभंग्याची आहे. त्यानंतर ते कोणालाही निश्चितपणे दिसलेले नाही. दुर्मीळ पक्षी खाटिकाच्या टोपलीत पाहण्याचे भाग्य, किंवा दुर्भाग्य, त्या पिढीच्या वाट्याला आले होते.

‘हा तर केवळ पक्षिशास्त्रज्ञ’

सोसायटीतील सर्व सभासद ब्लाइथ यांच्यावर खूश नव्हते. संग्रहालयात जीवाश्म होते, खनिजे होती, सस्तन प्राण्यांचे सांगाडे होते. अभिरक्षक मात्र पक्ष्यांतच गुंतलेला असतो, अशी तक्रार होती. संग्रहाची सूची तयार होत नसल्याबद्दल १८४७ मध्ये नाराजी व्यक्त करण्यात आली. पुढच्याच वर्षी ब्लाइथ यांनी लंडनचे ख्यातनाम शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांना लिहिलेल्या पत्रात आपली व्यथा मांडली. आपल्याला काढून टाकण्यासाठी कारस्थाने चालली आहेत आणि आपण पक्षिशास्त्रज्ञ आहोत हाच आपला अपराध ठरवला जात आहे, असा त्या पत्राचा मथितार्थ होता.

तक्रार अगदीच निराधार होती, असे म्हणता येणार नाही. ब्लाइथ यांनी सस्तन प्राणी, सरपटणारे प्राणी यांवरही लिहिले, पण त्यांचा ओढा पक्ष्यांकडे होता हे उघड आहे. मात्र १८४९ मध्ये संग्रहालयातील पक्ष्यांची त्यांची सूची प्रसिद्ध झाली आणि तिने टीकाकारांची तोंडे बंद केली. त्या सूचीने भारतातील पक्ष्यांच्या अभ्यासाला प्रथमच एक भक्कम पाया मिळाला. सस्तन प्राण्यांची सूचीही त्यांनी नंतर पूर्ण केली. ती प्रसिद्ध होईपर्यंत, म्हणजे १८६३ पर्यंत, त्यांनी भारत सोडला होता.

पैशाची ओढाताण मात्र संपली नाही. ‘झूफिलस’ या टोपणनावाने ते शिकारविषयक नियतकालिकांत लेख लिहीत. जिवंत प्राण्यांचा व्यापार करण्याचाही प्रयत्न त्यांनी केला. भारतातील प्राणी इंग्लंडमधील धनिकांना आणि तिकडचे प्राणी इकडच्या संस्थानिकांना विकण्याची ही योजना होती. चार्ल्स डार्विन आणि पक्षिचित्रांसाठी विख्यात असलेले जॉन गूल्ड यांना त्यांनी भागीदारीसाठी गळ घातली; दोघांनीही नम्रपणे नकार दिला. १८५६ मध्ये अवधचे राज्य खालसा झाल्यावर नवाब वाजिद अली शाह यांच्या प्राणिसंग्रहाचा लिलाव झाला आणि त्यात वाघ अगदी क्षुल्लक किमतीला विकले गेले. ब्लाइथ यांनी त्या व्यवहारात भाग घेतला, पण त्यातून त्यांची परिस्थिती सुधारली नाही. आजच्या दृष्टीने निसर्गशास्त्रज्ञाने वाघांचा व्यापार करावा हे खटकणारे आहे. त्या काळी त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते, एवढेच म्हणता येईल.

१८५४ मध्ये त्यांचा विवाह झाला होता. हे सुख जेमतेम साडेतीन-चार वर्षे टिकले. उत्तर हिंदुस्थान बंडाच्या वणव्यात होरपळत असतानाच, डिसेंबर १८५७ मध्ये, त्यांच्या पत्नीचे निधन झाले. या आघातातून ते पूर्णपणे कधीच सावरले नाहीत, असे त्यांचे स्नेही आर्थर ग्रोट यांनी लिहिलेल्या चरित्रात्मक लेखावरून दिसते.

डार्विन यांचा कोलकात्यातील पत्रमित्र

ज्या काळात सोसायटीत त्यांच्याविरुद्ध कुजबूज चालू होती, त्याच काळात डार्विन त्यांच्या पत्रांची वाट पाहत असत. १८५५ पासून ब्लाइथ यांनी कोलकात्याहून डार्विन यांना लांबच लांब पत्रे पाठवली. भारतातील गायी, म्हशी, कबुतरे, कोंबड्या, कुत्री, घोडे, त्यांच्या जाती, त्यांचे संकर, त्यांचे रानटी पूर्वज यांविषयीची माहिती त्यांत खच्चून भरलेली असे. ही पत्रे आजही केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत. डिसेंबर १८५५ मधील एका पत्रात त्यांनी आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्या नव्या जातींच्या उत्पत्तीविषयीच्या लेखाकडे डार्विन यांचे लक्ष वेधले आणि तो वाचनीय असल्याचा अभिप्राय दिला. डार्विन यांनी तेव्हा तो इशारा पुरेसा मनावर घेतला नाही. अडीच वर्षांनी वॉलेस यांचे हस्तलिखित हाती पडल्यावर मात्र त्यांना घाई करावी लागली, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

१८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात डार्विन यांनी ब्लाइथ यांच्या मताला इतर जवळजवळ कोणाच्याही मतापेक्षा अधिक किंमत दिल्याचे नमूद केले आहे. संदर्भ होता कोंबड्यांचा. सर्व पाळीव कोंबड्या भारतातील लाल रानकोंबड्यापासून उत्पन्न झाल्या आहेत, असे ब्लाइथ यांचे मत होते. आधुनिक जनुकीय संशोधनाने ते मुख्यतः खरे ठरवले आहे. २००८ मधील एका अभ्यासाने त्यात एक मनोरंजक भर घातली. अनेक पाळीव कोंबड्यांच्या पायांचा व कातडीचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो, ते जनुक लाल रानकोंबड्याकडून नव्हे तर राखी रानकोंबड्याकडून आले आहे, असे त्यातून दिसले. राखी रानकोंबडा म्हणजे सह्याद्रीच्या जंगलांत पहाटे आरवणारा आपला नेहमीचा रानकोंबडा. २०२० मधील आणखी एका व्यापक अभ्यासाने पाळीव कोंबड्यांचे मूळ नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यातील लाल रानकोंबड्याच्या उपजातीत असल्याचे दाखवले. ब्रह्मदेशाशी ब्लाइथ यांचा चांगलाच परिचय होता. तेथील पशुपक्ष्यांवरील त्यांची सूची त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली.

ब्लाइथ यांचे नाव डार्विन यांच्या संदर्भात आणखी एका कारणाने गाजले. १९५९ मध्ये अमेरिकन मानवशास्त्रज्ञ लोरेन आयझली यांनी असा दावा केला की, नैसर्गिक निवडीची मूळ कल्पना डार्विन यांनी ब्लाइथ यांच्या १८३५ ते १८३७ मधील लेखांतून घेतली आणि त्याचे श्रेय त्यांना दिले नाही. या दाव्याने बरीच खळबळ उडाली. बहुसंख्य इतिहासकारांना तो मान्य नाही. निसर्गात दुबळे व विकृत प्राणी नष्ट होतात, हे ब्लाइथ यांनी निःसंशय ओळखले होते. परंतु त्यांच्या मते या छाटणीमुळे जात आपल्या मूळ स्वरूपात टिकून राहते. त्याच छाटणीतून काळाच्या ओघात नवी जात निर्माण होते, हा डार्विन यांचा विचार नेमका याच्या उलट दिशेने जातो. दोघांनी एकच यंत्रणा पाहिली आणि निष्कर्ष वेगवेगळे काढले. खुद्द ब्लाइथ यांनी आपले श्रेय हिरावले गेल्याची तक्रार केल्याचे आढळत नाही. पगाराबद्दल त्यांनी मात्र अनेकदा तक्रार केली.

अखेरची वर्षे

प्रकृती ढासळल्याने १८६२ मध्ये ब्लाइथ यांना भारत सोडावा लागला. बऱ्याच खटपटीनंतर त्यांना निवृत्तिवेतन मंजूर झाले, तेही तुटपुंजेच. इंग्लंडमध्ये त्यांचे लेखन चालू राहिले. जेर्डन यांच्या ग्रंथावरील त्यांच्या टीपा व दुरुस्त्या ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या आणि त्या आजही उपयुक्त मानल्या जातात. पण या वर्षांत मानसिक अस्वास्थ्य आणि मद्याचे व्यसन यांनी त्यांना ग्रासले होते. हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला तेव्हा त्यांनी नुकतीच वयाची ६३ वर्षे पूर्ण केली होती. लंडनच्या हायगेट दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीने १८७५ मध्ये आपल्या नियतकालिकाचा एक जादा अंक काढून त्यांची ब्रह्मदेशातील सस्तन प्राणी व पक्ष्यांची सूची प्रसिद्ध केली. तिला आर्थर ग्रोट यांची प्रस्तावना होती. ब्लाइथ यांच्या आयुष्याविषयी आज जे ज्ञात आहे त्यातील मोठा भाग, विशेषतः त्यांच्या कौटुंबिक पत्रांतील मजकूर, या प्रस्तावनेमुळेच उरला आहे. ज्या संस्थेत ‘आम्हाला पक्षिशास्त्रज्ञ नको’ असे म्हटले गेले होते, तिनेच त्यांचे हे स्मरण केले. क्रौंच व सारस कुळातील पक्ष्यांवरील त्यांचे लेखन डब्ल्यू. बी. टेगेटमायर यांनी संपादित करून १८८१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

पक्ष्यांच्या नावांतील स्मृती

प्राणिशास्त्रात कोणी स्वतःचे नाव पक्ष्याला देत नाही. तसा संकेतच आहे. वटवट्याचे शास्त्रीय वर्णन १८४९ मध्ये ब्लाइथ यांनी केले तेव्हा त्यांनी त्याला झुडपांत राहणारा या अर्थाचे लॅटिन नाव दिले होते. ‘ब्लाइथचा’ हे इंग्रजी विशेषण नंतरच्यांनी जोडले. याउलट ईशान्य भारतातील एका देखण्या लाल-नारिंगी तितराच्या शास्त्रीय नावातच जेर्डन यांनी १८७० मध्ये ब्लाइथ यांचे नाव गुंफले. हा पक्षी आज नागालँडचा राज्यपक्षी आहे. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आढळणाऱ्या पांढऱ्या डोक्याच्या मलबारी मैनेलाही जेर्डन यांनीच १८४५ मध्ये ब्लाइथ यांचे नाव दिले. सुतार पक्ष्यांच्या एका प्रजातीचे नाव त्यांच्यावरून पडले आहे. या खेरीज एक शिंगचोचा, एक गरुड, एक बेडूकतोंड्या आणि एक खंड्या इंग्रजीत त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

ब्लाइथ यांनी मित्राच्या ऋणाची परतफेडही केली. जेर्डन यांनी पूर्व घाटातून पाठवलेल्या एका लहानशा, छातीवर दोन पट्टे असलेल्या धाविक पक्ष्याचे वर्णन त्यांनी १८४८ मध्ये केले. तो आज ‘जेर्डनचा धाविक’ म्हणून प्रसिद्ध आहे. १९०० नंतर हा पक्षी कोणालाच दिसला नाही आणि तो नामशेष झाल्याचे मानले जाऊ लागले. जानेवारी १९८६ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण यांनी एका स्थानिक पारध्याच्या मदतीने आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात तो पुन्हा शोधून काढला. झुडपी रानात रात्री वावरणारा हा पक्षी ओळखताना आधार होता तो जुन्या वर्णनांचा आणि संग्रहालयांत जपलेल्या मोजक्या नमुन्यांचा.

संग्रहाचे पुढे काय झाले

ह्यूम यांनी आपला ऐंशी हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह १८८५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. ब्लाइथ यांचा संग्रह मात्र कोलकात्यातच राहिला. १८६६ च्या कायद्यान्वये सोसायटीचा संग्रह नव्या भारतीय संग्रहालयाकडे सोपवण्यात आला, आणि १८७८ मध्ये चौरंगीवरील भव्य इमारत लोकांसाठी खुली झाली. कोलकातावासी तिला ‘जादूघर’ म्हणतात. याच संग्रहालयाच्या प्राणिविभागातून १ जुलै १९१६ रोजी भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था उभी राहिली.

एखाद्या जातीचे प्रथम वर्णन ज्या नमुन्यावरून केले जाते त्याला प्रमाण नमुना म्हणतात. दोनशे वर्षांनंतर दोन जातींविषयी शंका निर्माण झाली, तरी अखेरचा निवाडा त्या एका कातड्यावरून होतो. आता तर त्याच्या बोटाच्या तळव्याचा कणभर तुकडा घेऊन जनुकीय चाचणीही करता येते. ब्लाइथ यांनी वर्णिलेल्या अनेक पक्ष्यांचे असे नमुने कोलकात्यात आहेत. त्यांच्यावर संकटेही आली. दुसऱ्या महायुद्धात जपानी हवाई हल्ल्यांच्या भीतीने १९४२ मध्ये सर्वेक्षणाचा संग्रह वाराणसी येथील कैसर कॅसल या इमारतीत हलवण्यात आला. बॉम्बपासून वाचवण्यासाठी नेलेल्या या संग्रहात सप्टेंबर १९४३ मध्ये वरुणा नदीच्या पुराचे पाणी शिरले आणि मोठी हानी झाली. जे वाचले ते स्वातंत्र्यानंतर कोलकात्याला परत आणून पुन्हा लावण्यात आले.

पक्षिशास्त्राची कोलकात्यातील परंपरा पुढे भारतीय अभ्यासकांनी चालवली. ‘पेट बर्ड्स ऑफ बेंगॉल’ हा १९२३ मधील ग्रंथ लिहिणारे आणि ‘प्रकृति’ हे बंगाली नियतकालिक चालवणारे सत्यचरण लाहा (१८८८–१९८४) हे त्यांपैकी एक. दुसरे डॉ. विश्वमय विश्वास (१९२३–१९९४). सर्वेक्षणाचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९४७ मध्ये त्यांना शिष्यवृत्तीवर परदेशी पाठवले. लंडन, बर्लिन आणि न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत, एर्विन श्ट्रेझेमान आणि अर्न्स्ट मायर यांच्यासारख्या गुरूंजवळ शिकून ते कोलकात्यास परतले. हिममानवाच्या शोधासाठी १९५४ मध्ये निघालेल्या एका ब्रिटिश वृत्तपत्राच्या मोहिमेत ते प्राणिशास्त्रज्ञ म्हणून सहभागी झाले होते. हिममानव मिळाला नाही. नेपाळच्या पक्ष्यांवरील त्यांची लेखमाला मात्र अभ्यासकांना मिळाली. अरुणाचल प्रदेशातील नामदफा अरण्यात सापडलेल्या एका उडत्या खारीच्या प्रजाती आणि जाती या दोन्ही नावांत १९८१ पासून त्यांची स्मृती जपलेली आहे.

डॉ. सलीम अली यांच्या आयुष्यातही कोलकात्याचा एक प्रसंग आहे. तरुणपणी त्यांना याच प्राणी सर्वेक्षणातील पक्षिशास्त्रज्ञाचे पद हवे होते, परंतु विद्यापीठाची पदवी नसल्याने ते मिळाले नाही. पदवी ब्लाइथ यांच्याजवळही नव्हती. पुढे सलीम अली, विश्वास आणि अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ले या तिघांनी मिळून भूतानच्या पक्ष्यांवर ग्रंथ सिद्ध केला. तो याच संस्थेने १९९६ मध्ये प्रकाशित केला तेव्हा सलीम अली आणि विश्वास हे दोघेही हयात नव्हते.